रिकाम्या रकान्यांचे तेहतीस गुण

"लागला का?" आप्पांनी विचारलं.

"लागतोय."

"मघाशीही लागतच होता."

"आप्पा, मोडेम आहे, विडी नाही. काडी लावली की पेटली, असं नसतं त्याचं."

टेबलाखाली मोडेम किंचाळत होता. त्या काळी बार्शीत इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि येताना कुणीतरी गळा दाबल्यासारखं ओरडत यायचं. शेजारच्या गोठ्यात भगरे वकिलांची म्हैस होती, ती त्या आवाजाला हंबरून उत्तर द्यायची. एकदा तिचं उत्तर इतकं वेळेवर आलं की मला वाटलं जोडणी झाली, आणि मी बटणही दाबलं. खोटं वाटत असेल तर वकिलांना विचारा. ते आता नाहीत, म्हैसही नाही, पण विचारा.

आप्पा वैरागकर उठले, खिडकीपर्यंत गेले, घड्याळ बघितलं, परत आले, बसले, पुन्हा उठले. "बाराला लाईट जाते, खेडलेकर. तोपर्यंत उरकायला हवं."

ते 'शुभयोग वधू-वर सूचक मंडळा'चे संस्थापक, अध्यक्ष, सचिव आणि ज्योतिषी. मंडळ म्हणजे त्यांच्याच बंगल्याची पुढची खोली. भिंतीवर लाल अक्षरात पाटी होती, 'अठरा गुणांखालील स्थळ सुचवले जात नाही.' आणि ती पाटी शोभेची नव्हती. छत्तिसातले अठरा जुळले नाहीत तर आप्पा कुणाचं ऐकत नसत. आमदारांच्या भाच्याला त्यांनी सतरावरून परत पाठवलं होतं. आमदार स्वतः आले तर त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

त्या खोलीत त्या दिवशी माझ्याशिवाय चौघं होती. आप्पा. त्यांची मुलगी वरदा, ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी, दाराच्या चौकटीला टेकून हाताची घडी घालून उभी. खुर्चीवर हेमंत टाकळकर, पांडे चौकात चष्म्याचं दुकान असलेला. तो स्वतःचा चष्मा काढून पुसत होता, घालत होता, परत काढून पुसत होता. आणि त्याच्या शेजारी त्याची आई, टाकळकरबाई, मांडीवर पर्स घट्ट धरून. आतून मधूनमधून भांड्यांचा आवाज यायचा, ती आप्पांची बायको, कुमुदवहिनी.

वरदाला हेमंतशी लग्न करायचं होतं. हेमंतला वरदाशी करायचं होतं. टाकळकरबाईंना मुलगी पसंत होती. जात, पोटजात, शिक्षण, उंची, सगळं बसत होतं. राहिले होते फक्त गुण. आणि वरदाने बापाला सांगून टाकलं होतं, "अठराच्या खाली आले तर मी तुम्हाला गावासमोर खोटं पाडणार नाही, आप्पा. पण मग दुसरं स्थळही आणू नका. मी इथेच राहीन."

हे मला हेमंतने सांगितलं होतं. सांगताना त्याने चष्मा इतक्या वेळा पुसला की मला वाटलं, काचेतून आरपार बोट जाईल.

आता तुम्ही म्हणाल, घरचाच ज्योतिषी, तर गुण काढायला यंत्र कशाला? तर आप्पांनीच जाहीर केलं होतं, "पोटच्या मुलीचं गणित मी करणार नाही. बापाच्या हातून आकडा वाकतो. मंडळात संगणक आणलाय ना, तो करील. तो म्हणेल ते मान्य."

आणि तो संगणक बोलता करणारा मी. बार्शीपासून परांड्यापर्यंत त्या काळी डेटाबेस करून देणारा मी एकटाच. डाळमिलला दिले, दवाखान्याला दिले, एका सर्कशीलासुद्धा दिला होता, जनावरांच्या खुराकाचा. त्यात वाघाच्या आणि उंटाच्या रकान्यांची अदलाबदल झाली. आठवडाभर उंट बिचारा मटणाकडे बघत बसला. वाघाचं काय झालं ते सांगत नाही, कुणाचा विश्वास बसणार नाही.

"पण हे नक्की करतं काय?" टाकळकरबाईंनी विचारलं.

"हे बघा," मी पडद्याकडे बोट केलं. "ही सगळी स्थळं, नावं, वय, उंची, पत्रिका, आपल्या ह्या संगणकाच्या पोटात आहेत. पण गुण जुळवायचं गणित ह्याला येत नाही. ते येतं लांब दक्षिणेतल्या एका कंपनीच्या संगणकाला. मी हे बटण दाबलं की आपला संगणक दोघांची जन्मतारीख, वेळ आणि गाव एका पाकिटात घालून तारेवरून तिकडे पाठवतो. तिकडचा गणित करतो, उत्तर पाकिटातून परत पाठवतो, ते ह्या चौकोनात येऊन पडतं. वेब सर्व्हिस म्हणतात ह्याला."

"म्हणजे दूध आपलं, विरजण शेजारणीचं."

"अगदी बरोबर!"

"पण शेजारीण कोण ते बघायला नको?" आप्पा चालता चालता थांबले. "त्या तिकडच्याचं पंचांग कुठलं? गुरू कोण? सकाळी अंघोळ करून बसतो का?"

"आप्पा, तो संगणक आहे."

"मग अंघोळीचं राहू द्या. पंचांगाचं सांगा."

तेवढ्यात मोडेम एकदम गप्प झाला. पडद्याच्या कोपऱ्यात दोन इवलेसे संगणक लुकलुकू लागले. जोडणी झाली होती.

"लागला!" मी ओरडलो.

म्हैस हंबरली.

"आधी देवाधर्माचं," आप्पा म्हणाले. "पहिला मान घरच्या जोडप्याचा. आमचे दोघांचे टाका. कुमुद! बाहेर ये, आपले गुण काढतायत."

वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. "आपले कशाला? झालं ते झालं आता."

"अगं, तेहतीस आहेत आपले. बघू दे की लोकांना. आणि त्या दक्षिणेतल्याचीही परीक्षा होईल."

मी दोघांच्या तारखा, वेळा टाकल्या, बटण दाबलं. वाळूचं घड्याळ फिरू लागलं. फिरलं, फिरलं, इतका वेळ फिरलं की आमचं सगळ्यांचं वय थोडं थोडं वाढलं. आणि चौकोनात आकडा पडला.

तेहतीस.

"वा!" आप्पांनी टेबलावर थाप मारली. "येतंय त्याला! अंघोळ करत असणार!"

टाकळकरबाई हसल्या. हेमंतने चष्मा घातला. मी वहिनींकडे बघितलं, तर त्या दारात नव्हत्याच. आत गेल्या होत्या.

"आता वरदाचं," आप्पा म्हणाले आणि एकदम बसले. इतका वेळ येरझाऱ्या घालणारा माणूस, पण खुर्चीत असा बसला की जणू कुणी मागून ओढलं.

वरदाने स्वतःची वेळ सांगितली, हेमंतने त्याची. मी टाइप केलं. माझा पाय टेबलाखाली आपोआप हलत होता, त्याने मोडेमही हलत होता. बटण दाबलं.

वाळूचं घड्याळ. पंख्याची घरघर.

आणि मग कोपऱ्यातले ते दोन इवलेसे संगणक विझले.

मी बघितलं. माझ्याशिवाय कुणी बघितलं नाही. जोडणी तुटली होती, पाकीट वाटेतच कुठेतरी पडलं होतं. वाळूचं घड्याळ थांबलं, बाण परत आला, आणि चौकोनात आकडा होता.

तेहतीस.

"तेहतीस!" टाकळकरबाई किंचाळल्या. पर्स मांडीवरून खाली. "हेमंत, तेहतीस!"

हेमंत उभा राहिला, मग काय करावं ते न सुचून परत बसला. वरदाची हाताची घडी सुटली. आप्पा डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. टाकळकरबाईंनी पर्समधून पेढ्यांचा पुडा काढला. म्हणजे त्या तयारीनेच आल्या होत्या. एक पेढा त्यांनी माझ्याही तोंडात कोंबला, त्यामुळे मला जे बोलायचं होतं ते पेढ्यामागे राहिलं.

बोलायचं होतं ते असं. मी प्रोग्रॅम लिहिताना अगदी वर एक ओळ लिहून ठेवायचो. तिचा अर्थ असा, की मध्ये काही अडलं तर बोभाटा न करता पुढच्या ओळीवर जा. ही ओळ लिहिली की प्रोग्रॅम कधी बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश राहतं. निम्म्या देशाचा कारभार त्या ओळीवर चालतो. पण तिचा गुण असा, की दक्षिणेकडून उत्तर आलंच नाही तर चौकोनात आधीचंच उत्तर बसून राहणार. तेहतीस हे आप्पा आणि वहिनींचे होते. वरदाचं उत्तर अजून यायचंच होतं.

"भाऊजी," आतून वहिनींची हाक आली. "जरा डबा काढून देता का वरचा?"

मी आत गेलो. वरचा डबा वगैरे काही नव्हतं. टेलिफोनची एक जोडणी स्वयंपाकघरातही होती. फडताळावर तो फोन होता आणि त्याचा रिसीव्हर परातीत, मळलेल्या कणकेवर आडवा पडला होता.

"काय दाखवलं?" वहिनींनी विचारलं.

"तेहतीस."

"कसं शक्य आहे? मी तर हा उचलला. उचलला की तुमचं ते तुटतं ना? मागे एकदा मी बहिणीला फोन लावायला गेले, तर कानात बेडकांचं लग्न लागल्यासारखा आवाज, आणि बाहेर तुम्ही बोंब मारलीत."

"तुटलंच. पण..." मी त्यांना ती वरची ओळ समजावून सांगितली. त्या ऐकत होत्या आणि कणकेचे तुकडे रिसीव्हरवरून काढत होत्या.

"वहिनी, पण तुम्ही का उचललात?"

"परवा हे दोघांच्या पत्रिका घेऊन खोलीत बसले होते. दार लावून. बाहेर आले आणि जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, पोट बरं नाही." त्यांनी रिसीव्हर पदराने पुसला. "ह्यांचं पोट आजवर कधी बिघडलेलं मी पाहिलं नाही. मला काय कळायचं ते कळलं."

"म्हणजे आप्पांनी हातानेच..."

"बापाच्या हातून आकडा वाकतो म्हणे. वाकला असता तर जेवले नसते का?"

"आता मी काय करू?"

"काही करू नका. पेढा खाल्लात ना? मग गिळा."

मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि बाहेर आलो. मला वाटत होतं, झालं, आता घरी जावं. वायरी गुंडाळायला घेणार, तर वरदा संगणकासमोर माझ्या खुर्चीवर बसलेली. पेढा तिच्या हातात तसाच होता.

"काका, परत करा."

"काय?"

"परत काढा गुण. आई-आप्पांचे तेहतीस, लगेच आमचेही तेहतीस. मला बरोबर वाटत नाही."

"अगं, दोन जोडप्यांचे सारखे नसतात का?" टाकळकरबाई म्हणाल्या. "चांगलं आलंय तर कशाला उकरतेस?"

"चांगलं आलंय म्हणूनच, आई." त्या बाईंना ती पहिल्यांदाच आई म्हणाली आणि दोघींच्याही ते लक्षात आलं नाही. "वाईट आलं असतं तर मी दहा वेळा काढायला लावलं असतं. मग चांगलं आलं तर एकदाच का? मुलांना मी हेच शिकवते. एका रीडिंगवर उत्तर लिहिलं की शून्य."

"ही प्रयोगशाळा नाही, वरदा!" आप्पा ताडकन उभे राहिले. कपाळावर घाम. "लाईट जायची वेळ झाली. खेडलेकर, बंद करा ते. जेवायचंय सगळ्यांना."

"अजून अर्धा तास आहे, आप्पा."

"कधी कधी आधी जाते."

"मग चटकन करते. काका, जोडा."

मी नाना कारणं सांगितली. मोडेम तापलाय, त्याला विश्रांती हवी. दक्षिणेत ह्या वेळी जेवायला जातात. तिकडे पाऊस असला की उत्तरं ओली येतात. वरदा नुसती बघत राहिली. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांकडे असंच बघत असणार. मी मुकाट्याने जोडणी लावली. मोडेम किंचाळला, म्हैस हंबरली, ते दोन संगणक लुकलुकले.

वहिनी पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांना कळेना, परत आत कसं पळावं. ट्रे हातात, टाकळकरबाई समोर, त्यांचा हात पेल्याकडे.

"मी जरा एक फोन करून येतो," आप्पा म्हणाले.

"आत्ता?" वरदा म्हणाली.

"किराणावाल्याला. विहीणबाई जेवायला थांबणार, श्रीखंड नको सांगायला?" आणि ते स्वयंपाकघरात गेले. झपझप. त्या वयाचा माणूस इतक्या झपाट्याने जाताना मी फक्त एसटी सुटताना बघितलाय.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी वहिनींकडे.

वरदाने बटण दाबलं. वाळूचं घड्याळ फिरलं. दोन इवलेसे संगणक विझले.

तेहतीस.

"बघ!" टाकळकरबाई म्हणाल्या. "आता तरी पटलं?"

वरदाने खालचा ओठ दाताखाली धरला. मग तिने दोघांच्या जन्माचे सगळे रकाने पुसले. तारीख पुसली, वेळ पुसली, गाव पुसलं. नावंसुद्धा पुसली. सगळे रकाने पांढरे. आणि बटण दाबलं.

तेहतीस.

टाकळकरबाई पडद्याजवळ वाकल्या.

"आई," वरदा टाकळकरबाईंना म्हणाली, "ह्या रिकाम्या रकान्यांचेही तेहतीस जुळले. बायको नाही, नवरा नाही, फक्त तेहतीस गुण." मग तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली. "काका."

तिच्या त्या एका शब्दावर मी सगळं सांगून टाकलं. ओळ, चौकोन, आधीचं उत्तर, सगळं. वहिनींचं नाव तेवढं घेतलं नाही, म्हणालो, लाईन तुटते.

"का तुटते?"

"फोन उचलला की..."

ती उठली. टेबलामागची तार तिने बोटांनी धरली आणि भिंतीच्या कडेने, दारातून, स्वयंपाकघरात गेली. आम्ही सगळे तिच्या मागे, टाकळकरबाईसुद्धा, हातात पाण्याचा पेला तसाच.

आप्पा फडताळापाशी उभे होते. रिसीव्हर कानाला. बोलत काहीच नव्हते. डोळे मिटलेले आणि दुसऱ्या हाताने भिंत धरलेली.

"आप्पा," वरदा म्हणाली, "कुणाशी बोलताय?"

त्यांनी डोळे उघडले. एवढी माणसं बघून त्यांनी रिसीव्हर तोंडाशी नेला. "हां, अर्धा किलो," ते म्हणाले. मग त्यांचा हात खाली आला.

"किती आलेत, आप्पा?"

"तेहतीस."

"तुमच्या हातचे किती आलेत?"

आप्पांनी वहिनींकडे बघितलं, मग टाकळकरबाईंकडे. "अकरा," ते म्हणाले. "एकनाडी. मी तीन पंचांगांवरून केलं. प्रत्येक वेळी अकराच."

टाकळकरबाईंनी पेला ओट्यावर ठेवला. हेमंतने चष्मा काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. एकनाडी हा आप्पांच्या शास्त्रातला सगळ्यात मोठा दोष. त्यावर त्यांनी किती सोयरिकी मोडल्या असतील, त्यांनाच ठाऊक.

"मग मला सांगायचं," वरदा म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. माझ्यासाठी. आणि आयुष्यभर ह्या घरात माझ्यासमोर वावरली असतीस." त्यांनी भिंतीवरचा हात काढला. "मला वाटलं, तो दक्षिणेतला चुकेल. कुठलं पंचांग वापरतो देव जाणे, दोनचार गुण इकडे तिकडे झाले, अठरा म्हणाला, तर त्याच्या नावावर खपून जाईल. तो तेहतीस म्हणाला! मग मी काय करणार? ते पुसलं जाऊ नये म्हणून..."

"म्हणून आईबापाचा आकडा मुलीला लावून मोकळे," वहिनी म्हणाल्या.

"आपला आकडा वाईट आहे का? तेहतीस गुणांवर आपला संसार झाला, कुमुद. तो तरी खरा आहे ना?"

"तो तरी कुठे आपला आहे?"

आप्पांनी मान वर केली.

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. "माझी पत्रिका करून घेतलेली आहे. अण्णांनी, माझ्या वडिलांनी. तुमच्या वडिलांचं पत्र आलं, मुलाच्या पत्रिकेची नक्कल आली. अण्णांनी ती आमच्या गावच्या जोशीबुवांना दाखवली आणि म्हणाले, हिला जुळेल अशी एक करा. माझी वेळ कुणाला ठाऊक? मी झाले तेव्हा आई शेतात होती, आणि घड्याळ एकट्या पाटलांच्या घरी होतं."

"कुमुद..."

"तारीखसुद्धा नक्की नाही. पंचमी की षष्ठी, ह्यावर आई आणि आत्याचं भांडण होतं, ते दोघी जाईपर्यंत मिटलं नाही."

आप्पा ओट्याला टेकले. रिसीव्हर अजून त्यांच्या हातात होता आणि त्यातून बारीक टूंऽऽ असा आवाज येत होता.

"म्हणजे आपले खरे गुण किती?"

"ते काढायला वेळ लागते. वेळ कुठे आहे?"

"मी इतकी वर्षं तुझी पत्रिका बघतोय. तुझा स्वभाव, तुझं बोलणं, सगळं त्या पत्रिकेत बसवत आलोय. म्हणायचो, बघा, शनी कसा बोलतो."

"शनी नव्हता तो. मीच बोलत होते."

मला हसू आलं. मी ते आवरायला गेलो, तर हेमंतच्या तोंडून फुटलं. इतक्या वेळात त्या पोराने काढलेला तो पहिला आवाज. टाकळकरबाईंनी त्याला कोपर मारलं आणि मग त्यांनाच हसू आवरेना. आप्पा हसले नाहीत. ते वहिनींकडे असे बघत होते की जणू सोयरीक आज, आत्ता आली आहे आणि मुलगी पहिल्यांदाच समोर आली आहे.

"वरदा," ते शेवटी म्हणाले, "तू मला खोटं पाडणार नव्हतीस ना? राहू दे. ते काम तुझ्या आजोबांनी केव्हाच केलंय."

"आणि ज्यांना तुम्ही परत पाठवलंत ते, आप्पा?"

त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. त्या वेळी नाही आणि नंतरही, माझ्या देखत तरी, कधी नाही. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, नीट, आवाज न करता, आणि टाकळकरबाईंकडे वळले. अध्यक्ष, सचिव, ज्योतिषी सगळं गळून पडलं होतं. हात जोडलेला एक मुलीचा बाप उरला होता.

"ताई, मी तुम्हाला फसवणार होतो. अकरा आहेत आणि एकनाडी आहे. तुमचं मन नसेल तर मी वाईट मानणार नाही."

टाकळकरबाई गंभीर झाल्या. एकनाडीची भीती त्यांनाही होती, ती चेहऱ्यावर दिसत होती. त्यांनी एकदा हेमंतकडे बघितलं. वरदा खाली बघत होती, तार अजून तिच्या बोटात.

"हे मला परवा सांगितलं असतंत तर मी घरातून निघालेच नसते," त्या म्हणाल्या.

मी अजून पेढाच गिळत होतो.

"पण आमचा हेमंत डोळे तपासताना घाई करतो. एकदा बघितलं की लिहिला नंबर. लोक परत येतात चष्मा घेऊन, दिसत नाही म्हणून. मी किती वर्षं सांगतेय, दुसऱ्यांदा बघत जा." त्यांनी वरदाकडे बघितलं. "ही मुलगी स्वतःचं नशीब चांगलं आलं तरी दुसऱ्यांदा तपासते. असं माणूस आमच्या दुकानात पाहिजे. नाडीचं बघू काय व्हायचं ते."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढून पातेल्याखालचा गॅस बारीक केला. आप्पांना मात्र राहवेना. ते बाहेरच्या खोलीत धावले, पंचांग घेऊन आले, ओट्यावरच उघडलं. आनंद झाला तरी ह्या माणसाचे हात पंचांगाकडेच जाणार.

"जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तम मुहूर्त आहे. नंतर चातुर्मास लागतो."

"जूनमध्ये नाही जमणार," वरदा म्हणाली. "प्रवेशाचं सगळं काम माझ्याकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीत."

"दिवाळीच्या सुट्टीत? अगं, तुळशीचं लग्न व्हायचं असतं तेव्हा. त्याआधी मुहूर्त नसतात."

"बघा की."

"नाहीतच तर बघू काय?"

"मग करून घ्या," वरदा म्हणाली.

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग वहिनींकडे बघितलं. वहिनींच्या हातात पातेल्यातली पळी होती, पण ती फिरायची थांबली होती. भिंतीवरचा दिवा फडफडला आणि लाईट गेली. बाराला अजून थोडा अवकाश होता.

आप्पांनी पंचांग मिटलं.

"सुट्टी कधी लागते म्हणालीस?"

लग्न भगवंत मंगल कार्यालयात झालं, तुळशीच्या आधी. सगळी बार्शी लोटली होती. जेवायला आलेले निम्मे लोक आप्पांनी कधी ना कधी परत पाठवलेले. आमदारही आले होते. भाच्याला घेऊन. वाढप चालू असताना त्यांनी आप्पांना हाताने थांबवलं आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आप्पा, ह्या दिवसांत मुहूर्त? कुठल्या पंचांगात मिळाला हो?"

आप्पांच्या हातात जिलबीचं ताट होतं. त्यांनी भाच्याच्या पानात दोन जिलब्या वाढल्या, मग आणखी एक वाढली.

"कॉलेजच्या," ते म्हणाले.